मी टेंपोत बसले नव्हते

माझ्या धाकट्या दिरांनी जपानला जायला नको होतं. म्हणजे मुलाकडे राहून, देवळं-बगीचे बघून परत आले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण मुलाने त्यांना तिकडच्या डोंगरातल्या एका चालण्याच्या सहलीत घातलं. पंधरावीस परकी माणसं, पाठीवर पिशव्या, रोज एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात पायी जायचं आणि रात्री कुणाच्या तरी घरी चटईवर झोपायचं. भाऊजी तिथून आले ते नियम घेऊन आले, आणि तेव्हापासून आमच्या चालण्याचं सगळं सुख गेलं.

आम्ही चिकूवाडीवाले, समुद्राकाठचे. आमचं चालणं जपानच्या कितीतरी आधीचं. थंडी सरत आली की चार दिवस काढायचे. वाढवणच्या किनाऱ्यावरून निघायचं, रेल्वे ओलांडायची, मग हायवे, मग सायवनच्या बाजूने डोंगरात शिरायचं, गंभीरगडाच्या पायथ्याने उधव्याकडे उतरायचं आणि शेवटी कुर्झे धरणाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. ह्याची सुरुवात ह्यांनी केली, म्हणजे माझ्या नवऱ्याने. आमच्या वाड्यांत कामाला येणारी माणसं त्या डोंगरातल्या पाड्यांवरची. त्यांच्या आज्यापणज्यांपासून ती खाली चालत आली, आपण एकदा वर चालत जाऊन बघू, एवढाच विचार होता. दशम्या, कांदे, चटणी आणि एक चादर. ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर.

जपाननंतर प्रत्येकाच्या हातात दोन-दोन काठ्या आल्या. प्रत्येकाच्या पिशवीला घंटी आली, कारण तिकडे अस्वलं असतात आणि घंटीच्या आवाजाने ती लांब जातात. मी म्हटलं, भाऊजी, आपल्याकडे अस्वल कुठलं? तर म्हणाले, "बिबट्या आहे ना वहिनी." घंटी वाजवत शेळी निघाली तर बिबट्या लांब जातो की जवळ येतो, हे त्यांना कुणी विचारावं. मग नियम आला की सगळ्यांत हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं आणि त्याला कुणी मागे टाकायचं नाही. आणि तिकडे सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला पोहोचवतात, म्हणून आमच्याकडे टेंपो आला.

टेंपो आला की टेंपोत बसायला माणूस लागतो. डबे सांभाळायला, चहाचं बघायला. "टेंपोची जबाबदारी" असं भारदस्त नाव त्याला दिलं आणि पहिला मान दिला ह्यांना. ह्यांची कंबर तेव्हा थोडी धरली होती, फार नाही. हे टेंपोत बसले. पुढच्या वर्षी म्हणाले, डबे तर कुणीही सांभाळेल, मी घरीच बरा. त्याच्या पुढच्या वर्षी वाडीच्या पलीकडच्या टोकाला जायचे बंद झाले, मग बाजारात जायचे बंद झाले, आणि आता सकाळपासून ओट्यावरच्या झोपाळ्यावर असतात. माणूस ठीक आहे, जेवतो, हसतो, पेपर वाचतो. पण तो झोपाळ्यावरून उठत नाही. हे सगळं मी जवळून बघितलं आहे, त्यामुळे टेंपो हा शब्दसुद्धा मला नको वाटतो.

यंदा निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींच्या ओट्यावर सगळे जमलो होतो. चहा झाला, आणि भाऊजी अगदी लाडाने म्हणाले, "मी काय बोलतो वहिनी, पुढच्या वर्षीपासून टेंपो तुमच्याकडे. तुमचा गुडघा काय आता ऐकत नाही."

माझा उजवा गुडघा दुखतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तो माझा गुडघा आहे, भाऊजींचा नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "यंदा मी वाढवणपासून कुर्झेपर्यंत गाडीत पाय न ठेवता आले, तर हा विषय परत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," भाऊजी म्हणाले. बाकीचे हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

पहिले दोन दिवस मी चालले, पण कशी चालले ते मलाच माहीत. सगळ्यांत हळू मी, म्हणून पुढे मी. माझ्या मागे दहा-बारा माणसं, वीसेक काठ्या जमिनीवर टकटक करतायत, सगळ्या घंट्या वाजतायत आणि कुणालाही मला ओलांडायची परवानगी नाही. लग्नाच्या वरातीत घोड्याच्या मागे अडकलेली गाडी कशी फुसफुसते, तशी ती माणसं माझ्या मागे फुसफुसत होती. मी जरा थांबले की लगेच, "वहिनी, पाणी?" मी दगडाला वळसा घातला की, "काकू, जपून." एकदा मी नुसती साडीचा काठ झटकायला वाकले तर दोघींनी मला काखेत धरून उभी केली. भाऊजी सगळ्यांत मागून ओरडून सूचना द्यायचे. आणि संध्याकाळी मुक्कामाला टेंपो उभाच. त्याचं मागचं फळकं उघडं. मला तर ते माझ्यासाठीच उघडं ठेवलंय असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ते सहन होईना. आमचा मुक्काम सायवनच्या पुढे एका शाळेच्या पडवीत होता. बाकीचे अजून पांघरुणं घड्या घालत होते. मी भाऊजींना सांगितलं, "मी पुढे होते. तुम्ही सावकाश या, रस्ता माझ्या पायाखालचा आहे." पुढेच राहायचं असा त्यांचाच नियम, त्यामुळे त्यांना अडवता आलं नाही. मी एकटी निघाले आणि यंदा पहिल्यांदाच मला चालल्यासारखं वाटलं. सागाची पानं वाळून खाली पडली होती, त्यांचा आवाज येत होता. माझी घंटीही वाजत होती, पण एकटी घंटी सहन करता येते.

टेकडी उतरून मी एका पाड्याशी आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन साग आहेत, तिथे सातआठ पुरुष उभे होते. एकाच्या हातात सुताचा गुंडा होता. जमिनीवर तांदूळ, शेंदूर, असं काहीतरी मांडलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि पूजा चालली आहे म्हणून चपला हातात घेऊन बाजूने निघून आत आले. कुणी अडवलं नाही. पहिल्याच घरी माझ्याच वयाची एक बाई अंगण झाडत होती. तिच्याकडे पाणी मागितलं आणि ओसरीवर टेकले.

पाणी पिऊन उठले तर ती म्हणाली, "कठं चाललीस बाय?"

"पुढे. उधव्याकडे."

"आज नाय जायचा. आज गावदेव हाय. आता शीव बांधली." मग मी नवखी आहे हे बघून तिने नीट सांगितलं. भगत सांगेल त्या दिवशी पाड्याची शीव सुताने बांधतात. त्यानंतर आतला माणूस बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. कामाला कुणी जात नाही, चाक फिरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शीव सुटते.

"पण मी तर बाहेरची," मी म्हटलं.

"शीव बांधली तवा तू आत व्हतीस," ती म्हणाली आणि परत झाडायला लागली.

एवढ्यात लांबून घंट्या ऐकू आल्या. आमची माणसं सागाशी येऊन थांबली होती. मी गुडघा सांभाळत तिथे गेले, ती बाईही माझ्या मागून आली. मध्ये एक पांढरं सूत, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. ह्या बाजूला मी, त्या बाजूला भाऊजी आणि कंपनी. आपल्याला आत सोडणार नाहीत एवढं भाऊजींना कळलं होतं आणि त्यांनी फोन बाहेर काढला होता. कुणाकुणाला लावले देव जाणे. एकाकडून दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. पाड्यातली माणसं शांतपणे उभी. भाऊजी म्हणाले, "आम्ही नुसते सरळ चालत जाऊ, कुठे बसणार नाही, काही शिवणार नाही." मग म्हणाले, "देवासाठी काय द्यायचं असेल ते देतो." रागावलं कुणी नाही, पण वाटेतून हललंही कुणी नाही.

मग भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी बाहेर या. रस्त्याने वळसा घालू."

"शीव बांधली तेव्हा मी आत होते."

"अहो, तो नियम त्यांचा त्यांच्यापुरता. तुम्हाला कोण हात लावणार आहे? सूत उचला आणि या."

आणि हे खरं होतं. मला कुणीही अडवलं नसतं. ते सूत मी दोन बोटांनी उचललं असतं. मला मनापासून बाहेर जायचं होतं, कारण तो एक दिवस इथे गेला तर सगळ्यांच्या बरोबर कुर्झेला पोहोचणं संपलं. मी मागे वळून त्या बाईला विचारलं, मी गेले तर काय होईल? ती म्हणाली, "तुला काय नाय व्हणार. आमाला परत करायला लागंल." परत म्हणजे परत सगळं. दुसरा दिवस धरायचा, दुसरी कोंबडी, दुसरा बोकड, परत एक दिवस सगळ्यांनी काम सोडून घरी बसायचं. तिने हे मला थांबवायला सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. तिने हात जोडले असते तर कदाचित मी वैतागून गेलेही असते.

मी भाऊजींना म्हटलं, "आपल्या गावदेवीची पालखी निघाली की तुम्ही दुधाची गाडीसुद्धा अडवून ठेवता. मग आता काय?"

"ते वेगळं."

"वेगळं काय?"

"ते आपलं आहे ना वहिनी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चिकूचा माल उतरवायचा आहे परवा, उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना घरी पोहोचायचंय. तुमच्या एकटीसाठी सगळे इथे कसे थांबणार?"

"आणि सगळ्यांनी एकत्र पोहोचायचं हा नियम? तुमच्या जपानात एकाला मागे सोडून जातात का?"

"जपानात असं होत नाही," भाऊजी म्हणाले.

मग त्यांनी सुताच्या पलीकडे गोल करून चर्चा केली. मी ऐकत होते, माझ्यासमोरच माझं ठरवत होते. ठरलं असं की त्यांनी पुढे जायचं आणि उद्या सकाळी शीव सुटली की टेंपो मला न्यायला येईल. मी म्हटलं, मी चालत येणार. भाऊजी म्हणाले, "एकट्या? डोक्यात तरी घेऊ नका." मग सगळे गेले. कसे गेले ते ऐका. पाड्याला वळसा घालणारा रस्ता फार लांबचा, पायी गेलं तर दिवस मोडला असता. म्हणून फोन करून टेंपो मागे बोलावला आणि झाडून सगळे त्यात चढले. दहा-बारा धडधाकट माणसं, काठ्या, घंट्या, सगळं टेंपोत. तो वळसा होता, म्हणे. तो चालण्यात धरत नाहीत. टेंपो वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभी राहिले. संतापाने मला रडायला येत होतं, पण रडले नाही, कारण पाड्यातली माणसं बघत होती.

दिवसभर मी त्या ओसरीवर काढला. एका म्हाताऱ्याने येऊन सांगितलं, "ती घंटी काढ बाय, आज देवाचीच वाजंल." ती मी इतक्या आनंदाने काढली की तोही हसला. त्या दिवसातली तेवढीच एक चांगली गोष्ट. बाकी बसून बसून गुडघा लाकडासारखा झाला. अंगणातच मी फेऱ्या मारायला लागले. घरातली बाई म्हणाली, "तुला चालायची एवढी हौस, मंग खाली काय रानं नाय का?" तिला काय सांगणार? नागलीची भाकरी आणि रस्सा तिने वाढला, रात्री गोधडी दिली. मी तिच्याशी गोड बोलले खरी, पण आतून धुमसत होते. तिच्यावर, भगतावर, भाऊजींवर, आणि सगळ्यांत जास्त माझ्या गुडघ्यावर. तो धड असता तर मी एकटी पुढे निघालेच नसते.

सकाळी सूत सोडलं. मी पिशवी पाठीला लावून उधव्याच्या बाजूच्या शिवेवर आले तर टेंपो उभाच. ड्रायव्हर मसोलीचा, चाळिशीचा माणूस, बोलायला नरम. भाऊजींचा चिकूचा माल तोच वाहतो.

"काकी, बसा."

"मी चालणार आहे."

"मला सांगितलंय, शिवेवर बसवायचं आणि सरळ आणायचं. रस्त्यात तुम्हाला काय झालं तर शेठ पुढच्या सीझनला गाडी दुसऱ्याची लावतील."

मी चालायला लागले. तो टेंपो घेऊन माझ्या मागे, पहिल्या गिअरमध्ये. रस्ता होता तिथे मागे आणि पायवाट लागली की पुढे जाऊन वळणावर माझी वाट बघत. प्रत्येक वळणावर, "काकी, आता तरी बसा." उतारावर गुडघ्यातून कळ निघायची ती थेट डोक्यात जायची. वरून ऊन. मागे इंजिनाची घरघर आणि त्याची विनवणी. कितव्या तरी वेळी त्याने म्हटलं, "मी त्यांना काय सांगू?" आणि माझं टाळकं फिरलं.

मी म्हटलं, "सांग बसले म्हणून! शिवेवरच बसले म्हणून सांग. मला काय फरक पडतो!"

त्यानंतर त्याने एकदाही विनवलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

उधवा आलं. तिथे उभ्याने चहा प्यायले, बसले असते तर उठताच आलं नसतं. मग पुढचा रस्ता. किती वेळ लागला ते विचारू नका. दुपार कलली तेव्हा कुर्झेचं पाणी दिसलं. काठावर कुणी नव्हतं, बाकीचे सकाळीच पोहोचून एसटीने घरी गेले होते. दरवर्षी तिथे आरडाओरडा असतो, कुणी कलिंगड फोडतं, कुणी फोटो काढतं. मी चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि एकटीच बसले. पूर्ण चालले होते मी. वाढवणच्या वाळूपासून त्या पाण्यापर्यंत एक पाऊलही गाडीत नाही. माझ्या बरोबरीच्यांतलं एकही माणूस यंदा हे म्हणू शकत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण सांगायला कुणी नव्हतं आणि ड्रायव्हर टेंपोत मान टाकून झोपला होता.

चालणं संपलं होतं, म्हणून तिथून घरी मी टेंपोत बसून आले. दुसऱ्या कशाने येणार? भाऊजींच्या ओट्यावर सगळे चहाला जमले होते. मी टेंपोतून उतरले ते सगळ्यांनी बघितलं. "आल्या, आल्या वहिनी!" भाऊजींनी ड्रायव्हरला विचारलं, "कुठून बसल्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शिवेवरून."

"खोटं आहे," मी म्हटलं. "मी कुर्झेपर्यंत चालले."

ड्रायव्हरची मान खाली. आता ह्याला खोटारडा ठरवावा तर हे त्याला सांगायला लावलं कुणी? मीच. तेही मी बोलून बघितलं. "मीच त्याला सांगितलं होतं, बसले असं सांग म्हणून." बोलता बोलताच मला कळलं की हे कसं ऐकू जातंय. एक बाई म्हणते की मी चालले, आणि मी बसले असं सांगायला मीच लावलं. भाऊजी रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि लहान मुलाला समजावतात त्या आवाजात म्हणाले, "बरं वहिनी. चाललात. आता चहा घ्या." ते भांडले असते तर मीही भांडले असते. त्या "बरं"शी काय भांडणार?

रात्रीपर्यंत गुडघा दुधीभोपळ्यासारखा फुगला. जाऊबाई आंबेहळदीचा लेप घेऊन आल्या. लावता लावता कळवळून म्हणाल्या, "गाडीत बसून एवढा सुजलाय, चालला असतात तर काय झालं असतं हो?" मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी गावभर हेच. सुजलेला गुडघा हाच काय तो माझा पुरावा होता, आणि तोच त्यांनी माझ्याविरुद्ध वापरला. पुढच्या वर्षीचा टेंपो माझ्या नावावर पक्का झाला. मला विचारलंही नाही कुणी.

शेवटी मी ह्यांच्याकडे गेले. झोपाळ्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. सूत, पाडा, घंटी, ड्रायव्हर, मी ओरडून काय बोलले ते, उतार, कुर्झेचं पाणी. ह्यांनी पेपर बाजूला ठेवून नीट ऐकलं. झोपाळा थांबवून ऐकलं.

"चालली असशील," हे म्हणाले. "तू खोटं नाही बोलत."

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. विश्वास ठेवणारं एक माणूस होतं, आणि ते घरातच होतं. मग ह्यांनी पायाने झोपाळ्याला हलका झोका दिला आणि म्हणाले,

"टेंपोत पुढे बस. मागे फार आदळतं."